हादऱ्यांची मोजदाद

२०१८ सालचा नोव्हेंबर महिना होता. भाताची कापणी उरकली होती, खळी भरली होती, आणि डहाणू-तलासरी भागातली माणसे रात्री दमून झोपत होती. अशा वेळी जमिनीने त्यांना जागे केले. भांडी खणखणली, कौले सरकली, कुत्री भुंकू लागली. पहिल्या दिवशी कोणी म्हणाले, खदानीत सुरुंग उडाला असेल. दुसऱ्या वेळी कोणी म्हणाले, महामार्गावरून अवजड ट्रेलर गेला असेल. पण हादरे थांबेनात. आज एक, उद्या दोन, कधी एका रात्रीत अनेक. धुंदलवाडीच्या आसपासच्या पाड्यांना मग कळून चुकले, की हा भूकंप आहे, आणि तो एकदा येऊन जाणारा पाहुणा नाही.

१ फेब्रुवारी २०१९ या दिवशी लागोपाठ धक्के बसले. त्यातला सर्वांत मोठा ४.१ तीव्रतेचा होता. लोक घराबाहेर धावले, आणि त्या पळापळीत एका लहान मुलीचा जीव गेला. पुढे गावोगाव तंबू उभे राहिले. थंडीच्या दिवसांत माणसे तंबूत झोपू लागली आणि काही शाळांचे वर्ग झाडाखाली भरू लागले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या भागात भूकंपमापक यंत्रे बसविली. तेव्हापासून या मालिकेत हजारो लहान-मोठे हादरे नोंदले गेले. त्यांतले बहुतेक इतके सूक्ष्म, की माणसाला ते जाणवतच नाहीत.

आजचा माझा विषय भूकंप हा आहे, आणि नाहीही. मला तुम्हाला सांगायचे आहे ते असे, की हे हजारो हादरे मोजतो कोण, कशाने मोजतो, आणि ते मोजण्याचे साधन कोणाच्या मालकीचे असते. आपल्यापैकी अनेकांना, विशेषतः शिक्षक बंधुभगिनींना, या प्रश्नात रस वाटेल अशी माझी खात्री आहे. कारण या साधनाची दारे जगातल्या कोणत्याही शाळेला आणि पाड्याला उघडी आहेत.

प्रथम मोजण्याचे काम किती मोठे आहे ते पाहू. आजचे भूकंपमापक यंत्र जमिनीची हालचाल तीन दिशांनी नोंदते : वर-खाली, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम. साधारणपणे दर सेकंदाला प्रत्येक दिशेचे शंभर आकडे. आता फळ्यावर गणित मांडा. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्याला शंभराने गुणा, मग तीनने गुणा. उत्तर येते २,५९,२०,०००. म्हणजे एका यंत्राचे एका दिवसाचे अडीच कोटींहून अधिक आकडे! दहा यंत्रे असतील तर सव्वीस कोटींच्या घरात. आणि या आकड्यांच्या राशीत हादरा शोधायचा तो कसा? भाताच्या कणगीत पडलेले मोहरीचे दाणे वेचण्यासारखे हे काम आहे.

शिवाय जमीन नुसत्या भूकंपाने हलत नाही. आपल्या जिल्ह्याचेच पाहा ना. पालघर, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड अशी पश्चिम रेल्वेची गाडी धडधडत जाते. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर रात्रंदिवस वाहने धावतात. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत मोठमोठे पंप आणि यंत्रे चालतात. खदानीत सुरुंग लागतात. किनाऱ्यावर समुद्र आपटतो. पावसाळी वाऱ्यात झाड हलते, तशी त्याच्या मुळाजवळची जमीनही हलते. हे सगळे यंत्राला कळते, कारण यंत्राचा कान फार तिखट. पण कोणता आवाज कोणाचा, हे त्याला कळत नाही. ते दुसऱ्या कोणीतरी ठरवावे लागते.

हे ठरविण्याची खूण निसर्गानेच करून ठेवली आहे. भूकंपाच्या जागेवरून दोन प्रकारच्या लहरी निघतात. पहिल्या त्या प्राथमिक लहरी. खडकातून त्या सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने धावतात. मागून येतात त्या दुय्यम लहरी. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे साडेतीन किलोमीटर. शेतावर असताना आपण काय करतो? वीज चमकली की मनात आकडे मोजतो, आणि गडगडाट ऐकू आला की म्हणतो, "लांब पडली" किंवा "जवळच पडली." नेमके तेच इथे करायचे. प्राथमिक आणि दुय्यम लहरींत जितक्या सेकंदांचे अंतर, त्याच्या सुमारे आठपट किलोमीटरवर भूकंप झाला असे समजावे. चार सेकंद, म्हणजे बत्तीस किलोमीटर. तीन-चार ठिकाणच्या यंत्रांवरून अशी अंतरे काढली, नकाशावर कंपासने वर्तुळे मारली, की ती एकमेकांना जिथे छेदतात त्याच्या आसपास भूकंपाचे ठिकाण असते. ही आकृती आठवीचा मुलगा काढू शकेल.

तेव्हा खरी मेख कुठे आहे? या दोन लहरी नेमक्या कोणत्या क्षणी आल्या, ते टिपण्यात. पूर्वी हे काम माणसे डोळ्यांनी करीत. कागदाच्या गुंडाळीवर रेघ उमटायची, आणि अनुभवी माणूस भिंग घेऊन खूण करायचा. पुढे संगणक आला. त्याला एक साधा नियम शिकविला गेला : गेल्या अर्ध्या-एक सेकंदातली हालचाल आधीच्या अर्ध्या मिनिटाच्या सरासरीपेक्षा एकदम कितीतरी पट वाढली, तर घंटा वाजव. नियम चांगला, पण फार भोळा. कुत्रे जसे चोरावरही भुंकते आणि पोस्टमनवरही, तसा तो भूकंपालाही घंटा वाजवितो आणि मालगाडीलाही.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे, आणि तो सांगताना मला थोडी लाजही वाटते. आमच्या महाविद्यालयातल्या विज्ञान मंडळाच्या मुलांनी एक लहानसे, स्वस्तातले कंपनमापक मिळविले आणि तळमजल्यावरच्या एका खोलीत जमिनीवर पक्के बसविले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुले धावत आली. "सर, रात्रीत सतरा भूकंप!" मीही हुरळलो. आकडे पाहिले, आलेख पाहिला, पाठ थोपटली. संध्याकाळी एका मुलीने, तिचे वडील रेल्वेत होते, त्या सतरा वेळा एका कागदावर उतरविल्या आणि शेजारी गाड्यांच्या वेळा लिहिल्या. सोळा जुळल्या! आमचे सोळा भूकंप रुळावरून धावत गेले होते.

इथपर्यंत हसण्यासारखे होते. पण दरम्यान एक गोष्ट घडून गेली होती. आमचा एक विद्यार्थी डहाणू तालुक्यातल्या पाड्यावरचा. त्याने सकाळीच उत्साहाने घरी फोन करून सांगितले होते, "कॉलेजच्या मशीनवर सतरा भूकंप आलेत." कॉलेजच्या मशीनवर! झालं. त्या पाड्यावरची काही घरे त्या रात्री पोराबाळांसह अंगणात झोपली. डिसेंबरचे दव पडत होते. त्याची आजी आठवडाभर खोकत होती, हे त्याने मला पुढे कितीतरी दिवसांनी सांगितले. तो मुलगा चुकला नव्हता. चूक माझी होती. यंत्राने सांगितलेला आकडा आणि तपासलेला आकडा यांत फरक असतो, हे वर्गात शिकविणारा मी. आणि मीच तो तपासल्याशिवाय पाठ थोपटली होती. ज्या भागात माणसे आधीच धसका घेऊन बसली आहेत, तिथे खोटा आकडा ही साधी चूक राहत नाही.

मग आम्ही नव्या साधनांकडे वळलो. त्यांना मशीन लर्निंग म्हणतात. आपण यंत्राचे शिकणे म्हणू. हा शब्द ऐकून दबून जाऊ नका. घोलवड-डहाणूच्या चिकूच्या बागांत प्रतवारी कशी शिकवितात ते आठवा. नवी मुलगी कामाला आली, तर तिला कोणी नियमांचे पुस्तक देत नाही. जुनी बाई शेजारी बसते. मुलगी एक फळ उचलून एका टोपलीत टाकते. "अगं, हे नाही, हे त्या टोपलीत." दुसरे टाकते. "हां, हे बरोबर." शंभर, पाचशे, हजार फळे हातांखालून गेली, की मुलीच्या बोटांना कळू लागते. कसे कळते ते तिला शब्दांत सांगता येणार नाही, पण कळते.

यंत्राचे शिकणे असेच असते. संगणकाच्या आत हजारो, लाखो लहान लहान संख्या असतात. त्यांना आपण पेटीचे कान समजा. एक नोंद दाखवायची आणि विचारायचे : प्राथमिक लहर कुठे आली? तो काहीतरी उत्तर देतो. माणसाने आधी केलेली खूण पाहून त्याची चूक मोजायची, आणि ती चूक थोडी कमी होईल अशा बेताने सगळे कान किंचित पिळायचे. मग दुसरी नोंद. मग तिसरी. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात फेजनेट नावाचा असा प्रोग्रॅम तयार झाला आणि २०१९ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. उत्तर कॅलिफोर्नियातल्या सात लाखांहून अधिक नोंदींवर तो घडविलेला आणि पारखलेला आहे. तो तीस सेकंदांची नोंद घेतो आणि तिच्यातल्या प्रत्येक क्षणाबद्दल सांगतो : इथे प्राथमिक लहर असण्याची शक्यता इतकी, दुय्यम असण्याची इतकी, नुसता गोंगाट असण्याची इतकी. २०२० साली ईक्यू-ट्रान्सफॉर्मर नावाचा दुसरा प्रोग्रॅम आला. जपानमध्ये २००० साली तोत्तोरी येथे झालेल्या भूकंपाच्या जुन्या नोंदी त्याला दिल्या, तेव्हा त्याने एक तृतीयांशापेक्षाही कमी केंद्रांच्या नोंदी वापरून पूर्वीच्या यादीच्या दुप्पट हादरे शोधून काढले.

श्रोतेहो, इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. या यंत्राला शिकविणारी ती सात लाख उत्तरे आली कुठून? तीस-तीस वर्षे टेबलापाशी बसून नोंदींवर खुणा करणाऱ्या माणसांकडून. यंत्राच्या हुशारीमागे माणसाचे डोळे आहेत. शिक्षकांना हे निराळे सांगायला नको.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. असा प्रोग्रॅम कोणी एकट्याने, पायापासून कळसापर्यंत बांधलेला नसतो. तो सुट्या भागांचा जोडलेला असतो. बोईसरच्या कारखान्यात काम केलेल्या कोणालाही विचारा. पंप एका कंपनीचा, व्हॉल्व्ह दुसऱ्या कंपनीचा, पाइप तिसरीचा. तरी ते एकमेकांना बसतात. का? कारण त्यांच्या तोंडाशी असलेल्या फ्लँजचे माप, तिच्यावरच्या भोकांची संख्या आणि भोकांमधले अंतर हे ठरलेले असते. व्हॉल्व्ह बिघडला तर तेवढा काढायचा आणि नवा बसवायचा. सगळा कारखाना पाडावा लागत नाही. सॉफ्टवेअरमध्येही हीच युक्ती आहे.

सर्वांत खाली आहे पायथन नावाची संगणकाची भाषा. खिडो फान रोसुम या डच गृहस्थाने ती १९९१ साली जगापुढे ठेवली. तिच्यावर नमपाय हा भाग. आकड्यांच्या लांबच लांब ओळींची बेरीज-गुणाकार झटपट करणे हे त्याचे काम. त्यावर पायटॉर्च, शिकणाऱ्या यंत्राचे कान पिळण्याचे काम याचे. शेजारी ऑब्सपाय, जर्मनीतल्या म्युनिक येथील भूकंपशास्त्रज्ञांनी २००८ च्या सुमारास ते सुरू केले. त्याची थोरवी कशात? पूर्वी एका देशाचे भूकंपमापक एका पद्धतीने आकडे लिही, तर दुसऱ्याचे दुसऱ्या पद्धतीने. आपल्याकडेही पायली गावागणिक बदलत असे ना? १९५६ च्या कायद्याने दशमान वजनेमापे आली आणि तो घोळ मिटला. ऑब्सपाय हे तसे आहे. निरनिराळ्या पद्धतींच्या नोंदी ते वाचते आणि एका मापात आणून देते.

आणि या सर्वांच्या वर, २०२२ साली प्रसिद्ध झालेले साइसबेंच. जर्मनीतल्या कार्ल्सरूहे आणि पॉट्सडॅम येथील संशोधकांनी ते बांधले. त्याच्यात मुख्य तीन दालने आहेत. पहिले नोंदींचे कोठार, सगळे धान्य एकाच मापाने भरलेले. दुसरे निवडण्या-पाखडण्याचे अंगण. नोंद कापणे, सरकविणे, यंत्राची परीक्षा पाहण्यासाठी तिच्यात मुद्दाम गोंगाट मिसळणे ही कामे तिथे होतात. तिसरे शिकलेल्या यंत्रांचे दालन. फेजनेट तिथे आहे, ईक्यू-ट्रान्सफॉर्मर आहे, आणखीही आहेत. आणि सर्वांना प्रश्न विचारण्याची रीत एकच. एक काढून दुसरा बसवायचा, तर एखाद-दुसरी ओळ बदलली की पुरते.

यामुळे एक मोठी सोय झाली. पूर्वी जो तो म्हणे, माझा प्रोग्रॅम सर्वांत चांगला. आता सहा प्रोग्रॅम एका रांगेत उभे करून, आठ निरनिराळ्या नोंदसंग्रहांवर त्यांची परीक्षा घेण्यात आली. निकाल काय लागला? एका प्रदेशात शिकलेले यंत्र दुसऱ्या प्रदेशात नेले तर त्याचे गुण थोडेसेच कमी होतात. पण जवळच्या भूकंपांवर शिकलेले यंत्र हजारो किलोमीटर दूरच्या भूकंपांसमोर गोंधळते. आपल्या दृष्टीने हे फार उपयोगाचे ज्ञान आहे. कॅलिफोर्नियात शिकलेले यंत्र डहाणूच्या काळ्या कातळावर वापरून पाहायला हरकत नाही. मात्र त्याचे उत्तर डोळे मिटून घ्यायचे नाही.

आता "खुले" या शब्दाचा अर्थ सांगतो. ही सगळी साधने खुली आहेत, म्हणजे फुकट मिळतात एवढेच नव्हे. त्यांच्या आतली प्रत्येक ओळ कोणालाही वाचता येते, तपासता येते, बदलता येते आणि बदललेली पुन्हा दुसऱ्याला देता येते. तसा परवानाच त्यांच्यासोबत लिहिलेला असतो.

याने काय साधते, ते आमच्याच गोष्टीत पाहा. सतरा नोंदींपैकी सोळा गाड्या निघाल्या; एक उरली. आम्ही सगळ्या नोंदी फेजनेटला दाखविल्या. गाडीची धडधड हळूहळू वाढते आणि हळूहळू विरते. तिच्यात पहिली आणि दुसरी लहर नसते. सोळा नोंदींवर त्याने खूण केली नाही. सतराव्या नोंदीवर मात्र केली. वेळ दाखविली पहाटे ३ वाजून ४० मिनिटे. आम्ही सरकारी यादी उघडली. पहाटे काहीच नव्हते! यंत्र पुन्हा खोटे बोलले, असे मी म्हणणार, तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, "सर, आपण आत बघू ना, तो वेळ कुठून घेतो ते." त्याने प्रोग्रॅम उघडला, ओळीमागून ओळ वाचीत गेला आणि अर्ध्या तासाने हसत वर पाहिले. भूकंपाच्या नोंदी जगभर एकाच जागतिक वेळेत ठेवतात. आपले घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. ३.४० मध्ये साडेपाच तास मिळवा : सकाळचे ९.१०. यादीत त्या वेळेला एक लहानसा हादरा नोंदलेला होता. आमच्या खोलीतल्या यंत्राने तो खरोखर ऐकला होता. आणि रेल्वेच्या वेळा? त्या आम्ही आमच्या घड्याळाने जुळविल्या होत्या, कारण पहिला भोळा प्रोग्रॅम मुलांनी स्वतःच लिहिला होता आणि त्यात स्थानिक वेळ घातली होती. गाड्यांच्या पंगतीत हा एकच पाहुणा निराळ्या वेळी का बसला, त्याचा उलगडा झाला. पहिल्या यादीत तो ९.१० लाच होता. आम्ही नीट पाहिले नव्हते, एवढेच.

समजा, तो प्रोग्रॅम बंद पेटीसारखा असता. पैसे मोजून आणलेला, आत डोकावण्याची मनाई असलेला. तर आम्ही एवढेच म्हणालो असतो, की यंत्र बिघडले. किंवा त्याहून वाईट, यंत्र म्हणते तेच खरे. दोन्ही वाटा चुकीच्या. प्रोग्रॅम उघडा होता, म्हणून वीस वर्षांच्या मुलाला आपल्या शिक्षकाची चूक काढता आली. विद्येच्या क्षेत्रात याहून मोठा लाभ कोणता?

तुम्ही विचाराल, हे फुकट देणारे लोक आहेत तरी कोण? त्यांना काय मिळते? मी तुम्हाला उलट विचारतो : आपल्याकडे लावणीच्या दिवसांत सावड का करतात? आज माझ्या शेतात दहा माणसे, उद्या तुझ्या शेतात तीच दहा माणसे. पैशाचा व्यवहार नाही, पण हिशेब पक्का असतो. पाऊस कोणासाठी थांबत नाही, आणि एकट्याने लावणी उरकत नाही, हे सर्वांना कळते. जगातले विद्यापीठांतले संशोधक, काही कारखाने, काही हौशी माणसे अशीच सावड करतात. ज्याला लहरी ओळखणारा भाग हवा, तो आकडे गुणणारा भाग दुसऱ्याकडून घेतो आणि आपला भाग सर्वांसाठी ठेवतो.

पण सावडीत एक नियम असतो. दरवेळी नुसते माणसे बोलवायची आणि आपली पाळी आली की आजारी पडायचे, हे फार दिवस चालत नाही. तसेच इथेही आहे. या सुट्या भागांना देखभाल लागते. खालचा एखादा भाग बदलला, की वरचा अडतो, जसे गॅस्केट बदलल्यावर सांधा गळू लागतो. ती देखभाल करणारी माणसे थोडी, आणि वापरणारे पुष्कळ. आपण त्यात भर काय घालू शकतो? चूक सापडली तर नीट लिहून कळवू शकतो. माहितीपत्रके मराठीत आणू शकतो. पवईच्या आय. आय. टी. मुंबईने स्पोकन ट्युटोरियल नावाने खुल्या साधनांचे धडे तयार केले आहेत. त्यांतले अनेक मराठीतही आहेत, आणि ते पाहायला पैसे पडत नाहीत. आठवी-नववीच्या मुलाला तिथून सुरुवात करता येईल. आणि साधन खुले असून भागत नाही, हेही लक्षात ठेवा; ज्यांच्यावर ते चालवायचे त्या नोंदीही मिळायला हव्यात. इथल्या जमिनीच्या, इथल्या माणसांनी तपासलेल्या नोंदी जितक्या वाढतील, तितके यंत्र इथल्या जमिनीची भाषा शिकेल.

आता एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगतो, कारण तिच्यावरून फार अफवा उठतात. ही साधने झालेले हादरे शोधतात. होणारा भूकंप कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे होईल, हे जगातले कोणतेही यंत्र, कोणताही शास्त्रज्ञ सांगू शकत नाही. "आज रात्री दोन वाजता मोठा येणार आहे" असा निरोप मोबाइलवर आला, तर तो खोटा आहे असे खुशाल समजा. मग हजारो बारीक हादरे मोजून उपयोग काय? उपयोग असा, की ते ठिपके नकाशावर मांडले की जमिनीखालची भेग कुठून कुठे गेली आहे, किती खोल आहे, हालचाल कोणत्या बाजूला सरकते आहे, ते दिसू लागते. घर कुठे बांधावे, कसे बांधावे, शाळेची कोणती भिंत आधी मजबूत करावी, हे त्यावरून ठरविता येते. तारापूरला १९६९ पासून आपल्या देशातले पहिले अणुवीज केंद्र उभे आहे. अशा केंद्राचा आराखडा करताना भूकंपाचा जोर हिशेबात धरावाच लागतो, आणि तो हिशेब असल्या नोंदींवरच उभा असतो.

आपल्या राज्याला ही विद्या महाग पडलेली आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप सहाहून अधिक तीव्रतेचा होता. त्यात पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे दगडमातीच्या जड भिंतींखाली झोपेतच गेली. तीव्रतेचा आकडा एकाने वाढला की ऊर्जा सुमारे बत्तीस पटींनी वाढते, दोनाने वाढला की हजार पटींनी. त्या मानाने पालघरचे हादरे लहान आहेत. आणि आपल्या वारली बांधवांचे जुने कुडाचे घर, कारवीच्या काठ्या विणून वर शेणमातीने सारवलेले, ते हलके असते. हलते, पण सहसा माणसावर कोसळून त्याला चिरडत नाही. त्या जागी जड विटांची भिंत बांधताना जोता, कोपरे आणि आडव्या पट्ट्या यांची काळजी घेतली नाही, तर पक्क्या म्हणविणाऱ्या घराचाच धोका वाढतो. हेही मोजमापच शिकविते.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. तुमच्या शाळेत कंपनमापक नसेल, नसू द्या. एक वही करा. हादरा जाणवला, की तारीख, घड्याळातली वेळ, कोण कुठे होते, भांडी वाजली की नुसती लटकती वस्तू हलली, एवढे मुलांकडून लिहून घ्या. मग सरकारी यादीशी ते पडताळून पाहा. जुळले नाही तर का जुळले नाही, ते मुलांनाच शोधू द्या. त्या एका वहीतून मुलांना मोजणे, तपासणे आणि तपासल्यावाचून न बोलणे या तिन्ही गोष्टी येतील.

आमच्या त्या विद्यार्थ्याचे मी पुढे सांगितले नाही. त्या दिवसानंतर तो पाड्यावर गेला आणि आजीला सगळा प्रकार सांगून आला : सतरा नव्हेत, एकच होता, आणि तोही इतका बारीक, की कोणाच्या ताटलीलासुद्धा कळला नाही. आजीने विचारले, "हे तुला मशीनने सांगितलं?" तो म्हणाला, "नाही आजी. मशीनने सांगितलं, आणि मग आम्ही तपासलं."

त्या रात्री ती घरात झोपली.